दोन बुधले, वरपर्यंत भरलेले

शैला, परवा नारळी पौर्णिमा आहे आणि वाईन अजून तयार नाही.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी तेरावा केला, आल्यागेल्यांना चहा दिला, तुझा चष्मा कुठे ठेवायचा ते मात्र ठरवू शकलो नाही. आणि सुपारीच्या खोलीत मोजपात्र घेऊन एकोणीस वेळा मिश्रण करून पाहिलं. एकोणीसही वेळा ते मोरीत ओतलं. दर वेळी बुधल्यांची पातळी थोडी खाली जाते. असंच चालू राहिलं तर पौर्णिमेपर्यंत फक्त मोरीच चांगली रंगलेली असेल.

तू म्हणशील, प्रमाण सांगून ठेवलं होतं ना? ठेवलं होतंस. आधी एकदा सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. तीन वाईनपैकी मर्लो नाही. हॉस्पिटलात तू विचारलंस, ‘मर्लोचा बुधला नीट आहे ना?’ आणि मी ‘आहे’ म्हणालो, तेव्हाही नव्हती. तो बुधला धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता. हे मी तुला सांगितलं नाही, आणि तू गेलीस.

आता तू जिथे आहेस तिथे रागावली असशील तर रागाव. तुझा राग मला चालतो. ही शांतता चालत नाही.

तू निफाडकडची. नागावच्या नारळ-सुपारीच्या वाडीत द्राक्षाच्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न माझ्या आईला पहिल्या दिवसापासून होता. तुला तो नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात आई अंगणात वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या घेऊन बसली होती. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, काश्मिरी दोघींना सांभाळून घ्यायला. आई थोडं कुटून तळहातावर घ्यायची, जीभ लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, आणखी पावशेर बेडगी. तू बाजूला उकिडवी बसून बघत होतीस. पुढे वीस वर्षांनी अण्णाने, तुझ्या भावाने, खायच्या द्राक्षांच्या जोडीला वाईनची द्राक्षं लावली आणि छोटी वायनरी काढली. तू दर वर्षी तोडणीला माहेरी जायला लागलीस. कुणी विचारलं की मिश्रण करायला कुठे शिकलात, तर तू माझ्या आईचं नाव सांगायचीस. लोकांना ती चेष्टा वाटायची.

मग दर वर्षी फाल्गुनात अण्णाच्या गाडीतून तीन बुधले यायला लागले. शिराझ आणि कॅबर्नेचे दोन मोठे, सारख्याच मापाचे, आणि मर्लोचा एक लहान, कारण अण्णाकडे मर्लोच्या वेली थोड्या. सुपारीच्या खोलीला तू एसी बसवून घेतलास तेव्हा सगळी भावकी हसली. माणसं पंख्याखाली आणि दारू एसीत, असं माझा चुलतभाऊ अलिबागच्या बाजारात सांगत फिरला. मीही हसलो होतो. तू मला त्या दिवशी जेवायला वाढलं नाहीस.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक, आयुष्यभर शुद्ध पदार्थांच्या बाटल्यांवर लेबलं लावलेला माणूस. माझं म्हणणं सोपं होतं. एक द्राक्ष, एक वाईन. तीन एकत्र करायच्या म्हणजे एकीची खोट दुसरीने झाकायची, आणि त्याला आमच्याकडे भेसळ म्हणतात. तू चिडायचीस. खोट कुणाला चुकली आहे, म्हणायचीस. कॅबर्ने आधी जिभेच्या टोकाशी येते आणि मग एकदम घशाशी, मधे नुसतं पोकळ. शिराझला मिरीचा वास आणि पिकल्या जांभळाचा रंग, पण ती बडबडी, दुसऱ्या घोटाला दमवते. मर्लो मऊ, गोल, आणि एकटी घेतली तर गप्प बसलेल्या पाहुण्यासारखी कंटाळवाणी. पण ती कॅबर्नेच्या पोकळीत जाऊन बसली की दोघींचं भलं होतं. तू म्हणायचीस, मी झाकत नाही हो, सांभाळून घेते. मी म्हणायचो, शब्दांचा खेळ आहे. हे भांडण आपण अठरा वर्षं पुरवलं आणि संपवलं नाही.

आणि त्यात आपले मासे. तुझ्या माहेरी लाल वाईन मटणाबरोबर घेतात. इथे आमच्याकडे तुरट लाल वाईनवर मासा खाल्ला की तोंडात लोखंड उतरतं, गंजक्या नळाचं पाणी प्याल्यासारखं. पहिल्या वर्षी मी तसं तोंडावर सांगितलं. दुसरी एखादी बाई पांढरी वाईन आणून मोकळी झाली असती. तू म्हणालीस, ‘तुमच्या घरातून मासा सुटणार नाही, माझी लाल सुटणार नाही. बघू कोण आधी नमतं.’ तेव्हापासून तुझं सगळं मिश्रण एकाच कामाला लागलं. कोलंबीच्या कालवणापुढे उभी राहील, भांडणार नाही आणि पाणचटही वाटणार नाही, अशी लाल. दर वर्षी द्राक्षं वेगळी, म्हणून दर वर्षी प्रमाण नवं. सकाळी दहाच्या सुमाराला, चहाची चव तोंडातून गेली की तू बसायचीस. ओळीने छोटे ग्लास, माझ्या प्रयोगशाळेतलं जुनं मोजपात्र, आणि शेजारी उकडलेली एक कोलंबी. घोट घ्यायचीस, फिरवायचीस, थुंकायचीस. मी गिळायचो, म्हणून माझं मत धरलं जायचं नाही.

आणि मग नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहून झाला की थळची हौसाबाई ताजी कोलंबी घेऊन यायची आणि आपण त्या वर्षाची बाटली उघडायचो. मासेमारीच्या बंदीतले दोन महिने सुकटीवर काढलेले असायचे, त्यामुळे जीभ अगदी कोरी असायची. तू म्हणायचीस, परीक्षा घ्यायची तर याच दिवशी.

पाच वर्षांपूर्वीची बाटली आठवते? मी पहिला घास घेतला, वर घोट घेतला, आणि लोखंड आलं नाही. पुन्हा घास, पुन्हा घोट. मी त्यात शिराझ शोधत होतो, कॅबर्ने शोधत होतो, मला कुठेच सांधा सापडेना. कालवणातली कोकमाची आंबटी आणि त्या वाईनची आंबटी एकमेकींना ओळखत असल्यासारख्या पुढे गेल्या. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हणालो, बरी आहे. शैला, मी त्या दिवशी पूर्ण हरलो होतो. इतकी सुंदर गोष्ट माझ्या आयुष्यात मी प्यायलो नव्हतो आणि मी म्हणालो, बरी आहे. एवढं तुला नीट सांगायला मला किती वेळ लागला असता?

या वर्षी तुझं पोट वैशाखातच दुखायला लागलं. चाखण्या लांबल्या, काही नमुने तू अण्णाकडे पाठवलेस, काही प्रयोग फेकून दिलेस, आणि तिन्ही बुधल्यांची पातळी चार-चार बोटं खाली गेली. मिश्रण करायच्या आधीच तुला मुंबईला न्यावं लागलं. पावसामुळे लाँचा बंद होत्या, मांडव्याहून गाड्या नेणारी रो-रो बोट तेवढी चालू होती. गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून तू पोटाबद्दल एक शब्द बोलली नाहीस. म्हणालीस, ‘बुधले रिकामे ठेवू नका. हवा लागली की संपलं.’

मी दोन दिवसांनी कपडे न्यायला घरी आलो तेव्हा तेच डोक्यात होतं. सुपारीच्या खोलीत गेलो. तीन बुधले, तिन्ही अपुरे. आता तू कपाटात लहान बाटल्या रचून ठेवल्या होत्यास त्या याचसाठी, अपुरी वाईन त्यांत काठोकाठ भरून बुचं लावायला, हे मला आज कळतं. तेव्हा मला आईची लोणच्याची बरणी आठवली. तेल कमी झालं की वरून तेल घालायचं, फोड उघडी पडता कामा नये. मग मी मर्लोचा लहान बुधला उचलला आणि ती ओतून शिराझ वरपर्यंत भरली. मग कॅबर्ने वरपर्यंत भरली. मनात म्हटलं, शेवटी सगळं एकातच जाणार आहे ना? दोन बुधले कसे छान काठोकाठ दिसत होते. तळाशी ग्लासभर मर्लो उरली, ती मी बोंबलाच्या चटणीबरोबर पिऊन टाकली. चांगली लागली.

तीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट सांगत आलो, आधी रीडिंग लिहा, मग हात लावा. कुठल्या बुधल्यात किती ओतली ते मी लिहिलं असतं तर आज साधं गणित करून निदान जवळपास पोचलो असतो. मी लिहिलं नाही. अंदाजपंचे दाहोदरसे. बायको हॉस्पिटलात असताना माणसाचे हात काय करतात ते त्याला विचारू नये.

परत मुंबईला आलो. तू म्हणालीस, बुधले भरले? मी म्हणालो, भरले. तू इतकी खूश झालीस की नर्सला सांगितलंस, आमचे हे शिकले हो शेवटी. मग मला कागद घ्यायला लावलास.

‘लिहा. शिराझ पाच, कॅबर्ने दोन, मर्लो तीन. या वर्षी मर्लोवरच सगळं आहे. ती शेवटी घालायची, सावकाश, काठाने.’ आणि मग विचारलंस, ‘मर्लोचा बुधला नीट आहे ना?’

मला त्या क्षणी कळलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मला तोवर पुस्तकी वाटायचं. तुझ्या हाताला सलाईन होतं, ओठ सुकलेले होते. मी ‘आहे’ म्हणालो. मला वाटलं, आजारी माणसाला कशाला दुखवा. मला वाटलं, घरी आलीस की सांगेन, तू चार दिवस बोलणार नाहीस, आणि मग सगळं रुळावर येईल. त्यानंतर अकरा दिवस तू होतीस आणि मी रोज ते उद्यावर ढकललं.

तू गेल्यावर मी त्या कागदाला धरून बसलो. आता तेवढंच हातात होतं. पहिल्या, शिराझच्या बुधल्यातून पाच, दुसऱ्यातून तीन. सहा, दोन. चार, एक. शेजारी कोलंबी नाही, सुकट उकडून ठेवली. प्रत्येक वेळी तोंडात लोखंड. दोन्ही बुधले एकत्र ओतावेत तर कॅबर्ने डोक्यावर बसते. आणि खरं सांगू का, मला लोखंड तरी लागतंय की नाही याची खात्री नाही. मला आता चहासुद्धा तसाच लागतो. तुझ्याशिवाय माझं तोंड काही ओळखत नाही. मिश्रण फसलं तर काय बिघडलं, असं शेजारी म्हणतात, आणि मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. जगात तू केलेलं शेवटचं काम ते एवढंच होतं, पाच, दोन आणि तीन. ते मी बोंबलाच्या चटणीबरोबर पिऊन बसलोय.

हौसाबाई गेल्या आठवड्यात आली. टोपली खाली ठेवली, तुझ्या फोटोकडे बघून पदर डोळ्यांना लावला, आणि मग माझ्याकडे वळली. ‘काका, बाय गेली तवापासून तुमी मावरा घेतला न्हाय. असा कसा चालल? पुनवेला कोलबी आनतंय मी. बायची लाल काढून ठेवा. रीत मोरू नका.’ मी मान हलवली. तिला काय सांगणार? तिच्यासाठी तू दर वर्षी अर्धी बाटली वेगळी काढायचीस, आणि ती नवऱ्याला पत्ता लागू द्यायची नाही.

शेवटी मी अण्णाला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याच्याकडेही या वर्षीची मर्लो उरलेली नाही, सगळी बाटल्यांत जाऊन विकली गेली. परवा तो स्वतः आला. पावसात निफाडहून नागावला. सकाळी दहा वाजता, तुझ्याच वेळेला, तुझ्याच स्टुलावर बसून त्याने दोन्ही बुधल्यांतली चव घेतली. बसायची ढब तुझी. घोट फिरवताना डावा डोळा बारीक करायची सवयही तुझी. मला खोलीत थांबवेना, पण थांबलो.

मी विचारलं, जमेल का काही? तो म्हणाला, मला नाही जमायचं, मी द्राक्षं पिकवणारा. मग पुन्हा शिराझचा ग्लास नाकाशी नेला आणि सहज म्हणाला, ‘दाजी, तुम्ही ताईला सांगायला पाहिजे होतं.’

मी म्हणालो, तिला किती दुःख झालं असतं.

‘दुःख कसलं? शिव्या घातल्या असत्या तुम्हाला पाच मिनिटं. आणि मग हे दोन्ही हुंगून नवं प्रमाण काढलं असतं. तिला तेच तर आवडायचं. चांगली वाईन पाठवली तर फोन करून म्हणायची, अण्णा, यात मी काय करू? मी मुद्दाम तिला बिघडलेला माल पाठवायचो.’

तो जेवून निघून गेला. मी वरणभाताचं ताट तसंच ठेवून उठलो.

शैला, त्या अकरा दिवसांतला पाचवा दिवस. तुला बरं वाटत होतं. डॉक्टरांनी उशीला टेकून बसवलं होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, बाकी काही नाही. तू टीव्ही बंद करायला सांगितलास, मासिक उलटं ठेवलंस, आणि मला म्हणालीस, ‘अहो, मला काहीतरी काम द्या हो. नुसती पडून राहून मी इथेच मरेन.’ मी हसून म्हणालो, काम कसलं, आराम कर. पांघरूण नीट केलं तुझं. मला वाटलं, मी किती जपतोय तुला.

माझ्याकडे काम होतं. तुझ्याशिवाय जगात कुणाला न जमणारं काम माझ्याकडे होतं आणि ते मी तुझ्यापासून लपवून तुझ्या उशाशी बसलो होतो. सकाळच्या रो-रोने जाऊन संध्याकाळी परत आलो असतो. दोन औषधाच्या बाटल्या, एक शिराझची, एक कॅबर्नेची, शर्टाच्या खिशात मावल्या असत्या. तू नर्सची नजर चुकवून हुंगली असतीस, जिभेला लावून डब्यात थुंकली असतीस, मला सगळ्या वॉर्डासमोर मूर्ख म्हणाली असतीस. तुझ्या गालावर रंग आला असता. मग तू डोळे मिटले असतेस आणि आकडे सांगितले असतेस.

अकरा दिवस होते. एक पुरला असता.

आज सकाळी दहाला मी स्टुलावर बसलोय. दोन ग्लास भरून ठेवलेत, मोजपात्र धुतलंय, कागद-पेन्सिल घेतलीय, आणि या वेळी आधी लिहिणार आहे, मग हात लावणार आहे. मी तुला आता सगळं खरं सांगितलंय, काही ठेवलं नाही. ऐकतेस ना? पहिल्यातून किती घेऊ?